आठ बोल्ट, एक घाट

रविवार, २८ सप्टेंबर

गाडीने आज मान टाकली. बाकी दिवसभरात जे झालं ते लिहायच्या लायकीचं नाही.

मंचरहून येत होते. मागच्या सीटवर गोधड्यांसाठी घेतलेल्या सुती तुकड्यांचं गाठोडं, शेजारी कांद्याची पिशवी. घाट अर्धा चढले आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. काटा बघितला तर लाल रेघेच्या पार पलीकडे. तिथेच थांबायचं होतं, कळत होतं, पण पुढची वळणं संपली की पेठ आलंच, म्हणून रेटली. दारात आली आणि बंद पडली ती पडलीच.

निवल्यावर बॉनेट उघडलं. पाण्याची रबरी नळी उंदराने कुरतडून ठेवलेली. तेलाची पट्टी ओढून बघितली, तर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. याचा अर्थ मला कळतो. इंजिनाचं धड आणि त्याचं डोकं, म्हणजे हेड, यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, गॅस्केट. ते गेलं की पाणी तेलात शिरतं. ह्यांनी आयुष्यभर दूध संघाची गाडी चालवली आणि घरची मारुती स्वतः दुरुस्त केली. मी शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभी असायचे. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण उभं राहून जे बघितलं ते डोळ्यांतून जात नाही.

स्वराजला फोन केला. पोराला आईच्या गाडीचं दुःख व्हावं की नाही? तो म्हणाला, "बरंच झालं आई. पंधरा वर्षं झालीच आहेत, देऊन टाकू भंगारात. आणि तू मोशीला ये आता." बरंच झालं, म्हणे.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

ह्यांची पान्यांची पेटी काढली, एकेक पाना रॉकेलने पुसला, पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं. गोधडीची सुई आणि दाभणही शेजारी ठेवलं, कारण माझं हत्यार तेच.

मग नारायणगावला नौशादला फोन लावला. त्याच्या गॅरेजात हे तासन्‌तास बसायचे. गाडी ओढून न्यायला कधी येतोस विचारलं, तर तो चाचरायला लागला. शेवटी खरं बोलला. "काकी, स्वराजभाऊंचा फोन आल्ता. गाडीला हात लावू नको म्हनले. मी शब्द दिऊन बसलो."

म्हणजे माझ्या पोराने माझ्या पाठीमागे गाडीचं दाणापाणी तोडलं. का, ते मला ठाऊक आहे. गाडी नसली की मी या घरात राहू शकत नाही. माझे गुडघे भाड्याच्या जीपच्या पायरीवर चढत नाहीत, एसटीची पायरी तर त्याहून उंच. बाजार, दवाखाना, गोधड्यांची गिऱ्हाइकं, सगळं त्या गाडीवर. ती गेली की मोहिनीबाई आपोआप मोशीच्या सहाव्या मजल्यावर. मागे आठ दिवस राहून आले आहे. खिडकीत बसायचं आणि लोकांच्या गाड्या बघायच्या.

मी जाणार नाही. नौशादचा शब्द नौशादजवळ. मला दोन हात आहेत.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

स्वराज आणि सूनबाई आरती आले. मी बंद गाडी धुऊन पुसून तिला झेंडूचा हार घातला होता. स्वराज हसला. मी म्हटलं, हस, पण नमस्कार कर.

जेवताना विषय निघालाच. मी सांगून टाकलं की गाडी मी स्वतः दुरुस्त करणार. आधी त्याला चेष्टा वाटली, मग तो रागावला, मग माझ्यासारखाच हट्टाला पेटला. गाडीची नोंदणी नोव्हेंबरात संपते, पुढची पाच वर्षं मिळवायला ती आरटीओच्या कॅम्पात पास व्हावी लागते. कॅम्प सहा नोव्हेंबरला मंचरला. ठरलं असं: त्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांनी घाट उतरून गेली, पास झाली आणि घाट चढून परत आली, तर मी इथे राहायचं आणि त्याने पुन्हा तोंडातून शब्द काढायचा नाही. नाहीतर गाडी भंगारात आणि मी मोशीला. आरतीला साक्षीदार केलं.

आरतीचं मात्र काही कळत नाही. पुरणपोळी अर्धी टाकली. मागच्या झाडाची पपई खास पिकवून ठेवली होती, तिच्याकडे बघून अशी मागे सरकली जशी मी विष कापून ठेवलंय. गाडीजवळ आली तर ऑइलच्या वासाने तोंडाला पदर लावून पळाली. आणि जाताना मागितलं काय, तर परड्यातल्या कच्च्या चिंचा आणि माझ्या जुन्या मऊ साड्या. "टाकू नका हं आई, मला लागतील." फरशी पुसायला माझ्या साड्या पाहिजेत.

जाताना स्वराजने गाडी इतकी हळू काढली की वाटलं मागे अंडी भरली आहेत.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज हेड उतरवलं.

दिवसभर जुळणी डोळ्यांसमोर आणून काम केलं. जी नळी काढली तिला चिंधी बांधली, प्रत्येक चिंधी वेगळ्या रंगाची. चिंध्यांना माझ्याकडे तोटा नाही. पट्ट्याच्या चाकांवर खुणा करायच्या होत्या, त्या दसऱ्याला आरती विसरून गेलेल्या गुलाबी नेलपॉलिशने केल्या. छान दिसतंय इंजिन.

हेडला आठ बोल्ट, दोन रांगांत चार-चार. हे कसे खोलायचे ते मला स्वच्छ आठवलं: आधी कोपऱ्यांतले, मग आत आत येत शेवटी मधले. ह्यांचा हात डोळ्यांसमोर दिसला. तसेच खोलले. हेड उचललं तेव्हा चक्क रडू आलं. जड होतं म्हणूनही असेल.

ठकूबाई कुंपणापलीकडून बघत होती. शेजारीण आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, आणि तिला सगळ्यात बोलायचं असतं. म्हणाली, "मोहिने, ह्या लोखंडाला जपतीस तशी सुनंला जप जरा." मी म्हटलं, सून काय मोडली आहे का? ती नुसती हसत बसली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

हेड तापून वाकडं झालेलं असतं, ते मशिनवर घासून सपाट करावं लागतं. म्हणून नारायणगावला गेले. हेड जुन्या गोधडीत गुंडाळून, पोत्यात घालून, जीपमध्ये मांडीवर घेऊन. जीपमध्ये चढताना दोन जणांनी वर ओढलं आणि एकाने खालून ढकललं, त्याहून जास्त काही लिहीत नाही. शेजारचा माणूस म्हणाला, "मावशे, काय हाय पोत्यात?" मी म्हटलं, डोकं. नारायणगावपर्यंत तो पुन्हा बोलला नाही.

मशिनवाल्याने हेड आरशासारखं करून दिलं. नौशादकडे गेले. तो अवघडून उभा राहिला, मग चहा मागवला. नवं गॅस्केट दिलं, आणि आतून एक लांब दांड्याचा पाना काढून माझ्यापुढे ठेवला. टॉर्क पाना. यावर आकडा लावायचा, आणि बोल्ट तेवढा आवळला गेला की पाना कट्ट वाजून सांगतो, आता थांब.

"गाडीला हात लावायचा न्हाई म्हनून शब्द दिलाय," तो म्हणाला, "पान्याबद्दल कोन काय बोललं न्हाई. सहा किलोवर लावा काकी. कट्ट झालं की वरचा जोर करू नका, आटे जातील." बोल्टांची भोकं कोरडी करून घ्या, आट्यांना तेलाचं बोट लावा, हेही सांगितलं. मी म्हटलं, बाकीचं मला माहीत आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

बसवलं. आज मी स्वतःवर खूष आहे, आणि ते इथे नाही लिहायचं तर कुठे.

दाभणाला चिंधी गुंडाळून आठही भोकं पुसली. गॅस्केट ठेवलं, वर हेड. मग बोल्ट. इथे मला कुणाला विचारायची गरजच पडली नाही. तीस वर्षं गोधड्या शिवते आहे. थरावर थर असले की आधी कड बांधायची, म्हणजे काही सरकत नाही. कोपऱ्यातून सुरुवात, चारी कडांनी फिरत फिरत आत, शेवटचा टाका मधोमध. ह्यांचा हातही बोल्ट खोलताना कडेनेच फिरायचा, मी डोळ्यांनी बघितलं आहे. कोपऱ्यातला बोल्ट पहिला आवळला, सहा किलो, कट्ट. मग त्याच्या शेजारचा, कट्ट. फिरत फिरत मधल्यांवर आले. एकही बोल्ट दुसऱ्यांदा बघावा लागला नाही.

पट्टा चढवला, नळ्या जोडल्या, नवं तेल, नवं पाणी. चावी फिरवली. आधी घुरघुरली, मग लागली. ठकूबाई कुंपणावरून टाळ्या वाजवत होती. उद्या घाट.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

घाटाने तोंडावर आपटलं.

उतरताना झकास होती. चढाला लागले, ठकूबाई शेजारी बसून देवाचं नाव घेत होती, आणि दुसऱ्याच वळणावर मागे पांढरा धूर. मग काटा. या वेळी रेटली नाही, लगेच बाजूला घेतली. पाण्याच्या टाकीत बुडबुडे उठत होते. पुन्हा तेच.

टोमॅटोचे क्रेट घेऊन चाललेल्या एका पिकअपवाल्याने दोर बांधून वर ओढत आणलं. सगळ्या पेठने बघितलं. एकाने विचारलं, कुणी केलं होतं काम? ठकूबाई माझ्याआधी बोलली, "मंचरचा कुनी येडा व्हता." तिचं हे ऋण मी फेडेन कधीतरी.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दोन दिवस अंगणात गेले नाही. सुई हातात घेतली, टाकून दिली.

खरं सांगायचं तर आज कपाट उघडून मोशीला काय काय न्यायचं ते बघून ठेवलं. मी काही जगावेगळी बाई नाही. साठीला आलेली आहे, गुडघे दुखतात, इंजिनात हात घालायचं कुणी सांगितलं होतं? स्वराजचा फोन आला, कशी आहेस म्हणाला. घाटातलं त्याला कुठूनतरी कळलेलं होतं, पण तो एका शब्दाने बोलला नाही. उलट हळू आवाजात म्हणाला, "आई, आम्हाला खरंच तुझी गरज आहे गं." मला ते लागलं. हरलेल्याला असं गोड बोललेलं जास्त लागतं.

फोनवर मागून आरतीला उलटी होत असल्यासारखा आवाज येत होता. बाहेरचं खातात, दुसरं काय.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सापडलं.

सकाळी उठले आणि ठरवलं की हरायचं तर निदान कशाने हरले ते बघून हरू. हेड पुन्हा उतरवलं. गॅस्केट काढून उन्हात धरलं. चार दिवसांपूर्वीचं नवं गॅस्केट, त्यावर हेड किती दाबलं गेलं त्याचे वळ उमटलेले. चारी कोपऱ्यांत वळ खोल आणि काळे. आत येता येता फिके. मधोमध, जिथे पाणी घुसलं होतं, तिथे नुसता ओलसर डाग. मध्ये दाबच नव्हता.

मी ते हातात घेऊन ओट्यावर बसले, समोर अर्धी शिवलेली गोधडी पसरलेली. तिच्या कडा बांधून झालेल्या, आणि मध्ये थर फुगून वर आलेले. नेहमीच येतात. ते यावेत म्हणून तर कडेने शिवायची. कडा पक्क्या झाल्या की मधलं कापड जाणार कुठे? फुगतं, आणि त्या फुगीत ऊब राहते. गोधडीला फुगा पाहिजे. इंजिनाला तोच फुगा मारतो. मी आधी कोपरे करकचून बांधले, मग मध्ये जी काही किंचित उचल राहिली ती पळणार कुठे, तिथेच अडकली. आणि मी तिच्यावर बोल्ट आवळून समाधानाने चहा प्यायले.

म्हणजे उलटं पाहिजे. आधी मधले, मग त्यांच्या बाहेरचे, शेवटी कोपरे. पोळी लाटताना हवा मधून बाहेर काढतो तसं. आणि एका दमात नाही. सगळे आठ थोडे, मग सगळे आठ आणखी, मग पूर्ण.

मग ह्यांचा हात? तो कडेनेच फिरत होता, मला शपथेवर आठवतं. बराच वेळ बसून राहिल्यावर लक्षात आलं. मी बॅटरी धरायचे ती खोलताना, कारण खोलायचं काम संध्याकाळी कामावरून आल्यावर चालायचं. बसवायचं काम हे सकाळी उजेडात करायचे आणि मी तेव्हा स्वयंपाकघरात असायचे. खोलताना कडेने, बसवताना मधून. अर्धंच बघितलं होतं मी, आणि तेच पुरं समजून चालले.

नौशादला फोन लावला. मी विचारलं नाही, सांगितलं: मधून बाहेर, तीन वेळा, दोन किलो, चार किलो, सहा किलो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बराबर काकी. तुमी पयल्यांदी कसं केल्तं?" मी सांगितलं. तो इतका हसला की गॅरेजातली माणसं गोळा झाल्याचा आवाज आला. मग मीही हसले. "मला वाटलं तुमाला म्हाईत हाय," तो म्हणाला. मी म्हटलं, मलाही तेच वाटलं होतं.

कपाट बंद केलं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

दिवाळीचे चार दिवस पोरं इथे होती. मी इंजिनाला कापड झाकून ठेवलं, सणात भांडण नको म्हणून.

आरतीने या वर्षी रांगोळी काढली नाही. वाकवत नाही म्हणाली. या वयात वाकवत नाही म्हणते आणि मी इंजिनावर दिवसभर वाकलेली असते. पण मुलगी गुणाची आहे. पाडव्याला दुपारी सगळे झोपले म्हणून मी कापड उचलून बघत होते, तर ती तोंडाला रुमाल बांधून माझ्याजवळ येऊन बसली, खुर्ची घेऊन. माझी गुलाबी खूण बघून हसली. मी तिला मधून बाहेरचं सगळं समजावून सांगितलं, गॅस्केटवरचे वळ दाखवले. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "आई, तुम्ही जिंकाल. आणि मला तुम्ही जिंकायला हव्या आहात, पण हरायलाही हव्या आहात." मला काही उमगलं नाही. डोळे भरून आले होते तिचे. नवऱ्याच्या आणि सासूच्या मध्ये सापडली बिचारी, एवढंच समजले. तिला चिवडा आणि आवळे पिशवीत भरून दिले, तर तिने त्यातले फक्त आवळे ठेवून घेतले.

सोमवार, २७ ऑक्टोबर

नवं गॅस्केट नौशादने जीपवाल्याबरोबर पाठवलं होतं. हेडवर पट्टी आडवी-उभी धरून उजेड बघितला, कुठे फट दिसली नाही. देव पावला, वाकलं नव्हतं.

सकाळी, सगळं गार असताना बसले. भोकं दाभणाने पुन्हा पुसली. बोल्टांना तेलाचं बोट. आठही बोल्टांच्या डोक्यांवर आरतीच्या नेलपॉलिशने क्रमाचे आकडे घातले, मधल्यांना एक आणि दोन, कोपऱ्यांवर शेवटचे. पाना दोन किलोवर. आठांवर फिरले. चारवर नेण्याआधी दोनवरच पहिला पुन्हा तपासला. इथे गंमत कळली: मधला पहिला बोल्ट पहिल्या खेपेला कट्ट म्हणाला होता, तो आता पुन्हा थोडा फिरला. म्हणजे शेजारचे बसले की आधीचा सैल होतो. मागच्या वेळी मी एकालाही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. मग चार, आणि शेवटची खेप, सहा किलो. कट्ट. कट्ट. आठव्या कट्टनंतर हात आपोआप थोडा जास्त जोर करायला निघाला, सवयच असते आपल्याला, आणखी एक पीळ दिला म्हणजे पक्कं. हात मागे घेतला. पाना म्हणाला थांब, मी थांबले.

मन शांत झालं. चालू करायचीही घाई वाटली नाही, खरंच.

बुधवार, २९ ऑक्टोबर

चढली.

काल दिवसभर दारात चालू ठेवून बघितली, टाकीत बुडबुडा नाही, तेल स्वच्छ. आज ठकूबाईला घेतलं. ती म्हणाली, या खेपेला नाही येत, मागच्या वेळी माझा देव दमला. पण आली. घाट उतरून अवसरी फाट्याला वळले आणि चढाला लागले. दुसरं गियर. जिथे धूर निघाला होता ते वळण आलं. मी काट्याकडे बघितलं नाही, ठकूबाईला बघायला सांगितलं. ती म्हणाली, "मधीच हाय. हलंना बी." पुढचं वळण. "मधीच हाय." एक ट्रक पुढे रांगत होता, त्याला हॉर्न देऊन मागे टाकलं. माथ्यावर आले आणि मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, ठकूबाई म्हणते शिवी होती.

घाटमाथ्यावर गाडी थांबवून दोघींनी उसाचा रस प्यायला. मग मी तिला विचारलं, अजून एकदा? पुन्हा उतरले, पुन्हा चढले. काही कारण नव्हतं, फक्त आनंद.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सगळं नीट क्रमाने लिहायचं आहे.

स्वराज आणि आरती सकाळीच आले. मी त्या दोघांना मागे बसवलं आणि स्वतः चालवत मंचरला गेले. कॅम्पात पिकअप आणि ट्रॅक्टरांची रांग, त्यात माझी एकटीची धुतलेली गाडी. साहेबांनी चेसिस नंबर बघितला, दिवे बघितले, हॉर्न वाजवायला लावला. इंजिन चालू करून कानोसा घेतला. बोल्टांवरचे गुलाबी आकडे झाकणाआड होते म्हणून त्यांना दिसले नाहीत याचं मला वाईट वाटलं. त्यांनी विचारलं, चालवतं कोण? मी म्हटलं, मीच चालवते आणि मीच उघडते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पास केली.

परतीचा चढ. आरशात स्वराज काट्याकडे मान वाकडी करून बघताना दिसत होता, अगदी ह्यांच्यासारखा. गाडी एका दमात वर आली. दारात थांबवली, चावी काढली. मी मागे वळून म्हटलं, बोल आता.

स्वराज म्हणाला, "हरलो आई." आणि हसला, पण त्याचा चेहरा रडवेला. मला विजयाचं भाषण करायचं होतं, पाठ करून ठेवलं होतं. तेवढ्यात आरतीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"आई, काल मला तीन महिने पुरे झाले."

मी विचारलं, "कसले तीन महिने?"

कुंपणापलीकडून ठकूबाई म्हणाली, "अगं बाई, आता काय पान्यानं आवळून सांगायचं का तुला?"

मी स्टिअरिंग धरून तशीच बसले. पपई. चिंचा. मऊ साड्या. उलट्या. अंड्यांसारखी हळू काढलेली गाडी. आरतीच्या आईने बजावलं होतं, तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, सासूलाही नाही, आणि ही पोर शब्द पाळत बसली. बोल्ट केसभर सैल झालेला मला समजतो, आणि दोन महिने घरात काय चाललंय ते मी सोडून सगळ्या आळीला समजलं होतं.

खाली उतरले, गुडघे बिडघे काही जाणवलं नाही, आणि आरतीला मिठी मारली. तिच्या ड्रेसला ऑइल लागलं. ती रडत होती, मी रडत होते, स्वराज तर सगळ्यांहून जोरात. एवढा आनंद मला हे गेल्यापासून कधी झाला नव्हता. आज दोनदा झाला.

रविवार, ९ नोव्हेंबर

दोन दिवस विचार केला. आरतीची नोकरी आहे, पुढच्या महिन्यांत तिला कुणीतरी लागणार. तिची आई लांब आहे. गरज आहे म्हणत होता तो, ते खरंच होतं. मला आधी सांगितलं असतं तर मी तेव्हाच गेले असते, आणि गाडी भंगारात गेली असती. बरं झालं नाही सांगितलं.

आज त्यांना फोन करून माझी बोली सांगितली. येणार. आठवड्यातले चार दिवस मोशी, तीन दिवस पेठ. सोमवारी सकाळी स्वतः गाडी चालवत येईन आणि गुरुवारी परत. जेव्हा बाळ येईल तेव्हा ते दिवस वाढवू. आरतीने बाळंतपणाला इथे यायचं म्हटलं तर मीच घेऊन येईन. नौशादला पाना परत पाठवत होते, तो म्हणाला ठेवा तुमच्याजवळ, पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट एकदा गार असताना तपासून घ्या. उद्या निघण्याआधी तेच करणार.

बाळाची गोधडी आज सुरू केली. माझ्या मऊ साड्या, आत ह्यांचं एक जुनं धोतर. कोपऱ्यातून सुरुवात केली, कडेकडेने. हिच्या मध्ये फुगा पाहिजेच.

स्वराजने शेवटी विचारलंच, "म्हणजे आई, प्रत्येक गुरुवारी तू नक्की जाणारच?"

मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे आहे.